पत्र्याखाली तंबोरा ऐकायचा तर

घरी बसून गाणं नीट ऐकण्यासाठी हेडफोन घ्यायचा म्हटला की चौकशी कंपनीच्या नावापासून सुरू होते आणि किमतीपाशी संपते. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत राहणाऱ्यांनी ती आपल्या घरापासून सुरू करावी. संध्याकाळी ज्या खोलीत, ज्या वेळी गाणं ऐकणार, त्या खोलीत दहा मिनिटं शांत बसून काय काय कानावर येतं ते पाहावं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. घरावर पत्रा असेल, किंवा स्लॅबवर गळतीसाठी पत्र्याची शेड टाकलेली असेल, तर हे चार महिने खोलीत पावसाशिवाय दुसरं काही उरत नाही. कर्जत स्थानकाजवळ राहणाऱ्यांना बोरघाट चढणाऱ्या गाड्या आणि त्यांना मागून लागणारी बँकर इंजिनं ऐकू येतात, खालापूर-खोपोलीच्या पट्ट्यात द्रुतगती मार्गाची अखंड घरघर असते, आणि मार्चपासून छताचा पंखा बंद होत नाही. थोड्या पैशांत घरचं श्रवण उभं करायचं तर दोनच कामांवर खर्च करावा, असं माझं म्हणणं आहे. बाहेरचा आवाज अडवणं हे एक, आणि मूळ ध्वनिमुद्रणातला तोल न बिघडवता तो कानापर्यंत पोचवणं हे दुसरं. दोन्ही कामं कानाला टेकणारा भाग करतो. बाकीच्या पेट्या, केबली आणि फायलींचे आकडे यांनी या दोन कामांत फारशी भर पडत नाही.

पहिल्या कामाला एवढं महत्त्व का, ते आकड्यांवरून कळेल. समोरासमोरचं साधं बोलणं मीटरभर अंतरावर साधारण ६० डेसिबल असतं. जोरदार सरीत पत्र्याखाली तेच बोलणं ओरडून करावं लागतं, म्हणजे पावसाचा आवाज त्याच्या बरोबरीचा किंवा वरचढ झालेला असतो. आता विलंबित ख्याल घ्या. भर तानेच्या आणि तबल्याच्या आवाजाखाली तंबोरा सहज वीस डेसिबलने खाली असतो. खोलीत ६५ डेसिबलचा पाऊस असताना तो तंबोरा पावसाच्या वर काढायचा, तर तान ८५-९० डेसिबलवर जाते. तासभर असं ऐकलं की कान शिणतात, आणि वर्षभर ऐकलं तर ऐकण्याची ताकदच जाऊ शकते. कानात नीट बसणारा इअरफोन बाहेरचा आवाज वीस-पंचवीस डेसिबलने कमी करतो, विशेषतः वरच्या पट्टीतला. पाऊस चाळिशीत आला की तोच तंबोरा मध्यम आवाजात ऐकू येतो आणि तान कानाला झोंबत नाही. एवढा फरक कुठलाही अँप्लिफायर, कुठलीही भारी फाइल पाडू शकत नाही.

म्हणून पाठीमागून उघडे असलेले, ज्यांना ओपन-बॅक म्हणतात ते हेडफोन इथे पहिली खरेदी म्हणून घेऊ नयेत. जाणकार त्यांचं कौतुक करतात आणि ते खरंही आहे, त्यांत आवाज मोकळा, डोक्याबाहेर पसरल्यासारखा वाटतो. पण त्यांची बांधणीच अशी की बाहेरचं सगळं आत येतं आणि आतलं बाहेर जातं. पुण्या-मुंबईतल्या बंद खिडक्यांच्या खोलीत केलेली शिफारस जुलैतल्या कडाव-कशेळ्याला लागू पडत नाही. इथे पहिली निवड कानात बसणारा तारेचा इअरफोन, दुसरी कान पूर्ण झाकणारा बंद हेडफोन. आवाज रद्द करणारे, नॉइज कॅन्सलिंगवाले हेडफोन हा तिसरा पर्याय, पण त्याची मर्यादा समजून घ्यायला हवी. ती युक्ती खालच्या, एकसारख्या घरघरीवर उत्तम चालते. पंखा, गाडीचा डबा, द्रुतगती मार्ग यांवर ती खरंच उपयोगी आहे. पत्र्यावरचा पाऊस मात्र वरच्या पट्टीपर्यंत पसरलेला असतो आणि साधारण हजार हर्ट्झच्या पुढे ही युक्ती लंगडी पडते. तिथे रबराची घट्ट टोपीच कामाला येते. कर्जतहून रोज सीएसएमटीपर्यंत शंभर किलोमीटर लोकलने जाणाऱ्यांकडे असा हेडफोन आधीच असतो. प्रवासासाठी तो योग्यच आहे, पण गाडीच्या घरघरीसाठी केलेली खरेदी घरच्या पावसाला पुरेल असं गृहीत धरू नये.

आवाज अडवण्याचा धोकाही सांगितला पाहिजे, आणि या तालुक्यांत तो कागदी नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा लोक झोपेत होते. डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याकाठी किंवा उल्हास-पाताळगंगेच्या पुराच्या टप्प्यात घर असेल, तर अतिवृष्टीचा इशारा असलेल्या रात्री कानात काही घालून झोपू नये. एरवीही घरात एकटं माणूस, आजारी वडीलधारं किंवा तान्हं मूल असेल तर एका कानाने ऐकावं किंवा ती वेळ सोडून द्यावी. घट्ट बसणाऱ्या इअरफोनमधून दाराची कडी, कुकरची शिट्टी आणि शेजाऱ्याची हाक यातलं काहीच ऐकू येत नाही.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा त्याच पैशांत स्पीकर का घेऊ नये, असं कोणी म्हणेल. चार माणसांनी मिळून ऐकायचं असेल तर स्पीकरला पर्याय नाही, आणि घरात एकत्र ऐकण्याची सवय असेल तर ती मोडू नये. पण पाच हजारांच्या स्पीकरमधून काय ऐकू येतं, ते बरंचसं खोलीवर ठरतं. सिमेंटच्या उघड्या भिंती, लाद्या आणि वर पत्रा असलेल्या खोलीत आवाज इतका घुमतो की खालचे काही स्वर फुगतात आणि काही नाहीसे होतात. शिवाय स्पीकरला पावसाच्या वर जायचं तर शेजारचं घरही ऐकणार. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पत्रा बदलणं हेडफोनच्या खर्चात बसत नाही. हेडफोनमध्ये खोली वगळली जाते, हा त्याचा मोठा फायदा आहे.

आता दुसरं काम, तोल. ग्राहकाला दुकानात उठून दिसावेत म्हणून बहुतेक स्वस्त हेडफोन खालचा धमाका आणि वरची चमक दोन्ही वाढवून बनवतात. नाचाच्या गाण्यांना ते काही वेळ बरं वाटतं. आपल्या संगीतात त्याने नेमकं काय बिघडतं, ते बघा. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक धरला तर तो सुमारे १३९ हर्ट्झ. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, ६९ च्या आसपास. त्या खर्जातून जो स्वयंभू गांधार निघतो तो तिचा पाचवा स्वरांश, म्हणजे साधारण ३४७ हर्ट्झ. हेडफोनचा खालचा फुगवटा दोनशे-चारशेपर्यंत पसरलेला असेल, तर डग्ग्याचं घुमणं नेमकं या गांधारावर येऊन बसतं आणि तंबोरा नुसती घूं-घूं करतो. जवारीचे बारीक स्वरांश त्याच्याही वर, काही हजार हर्ट्झपर्यंत चढत जातात, आणि तो मधला टप्पा खचलेला असला की जवारी मेलेली वाटते. भजनाचं उलट. पखवाजाची धूम फुगते आणि टाळ, ज्याची धार पाच ते दहा हजार हर्ट्झमध्ये असते, सुईसारखा टोचू लागतो. दोन अभंगांनंतर हेडफोन काढावासा वाटला तर दोष बहुधा ध्वनिमुद्रणाचा नसून या चमकेचा असतो. यातून एक सोपी परीक्षा मिळते. ओळखीचं, चांगलं मुद्रित झालेलं ख्यालाचं ध्वनिमुद्रण लावून सुरुवातीच्या तंबोऱ्यात स्वयंभू गांधार वेगळा ऐकू येतो का ते पाहावं, मग टाळांचं भजन लावून दहा मिनिटं ऐकावं. या दोन्हींत उतरलेला हेडफोन नाट्यसंगीत, भावगीत, लावणी, चित्रपटगीत, सगळं नीट ऐकवेल.

जास्त पैसे टाकले की हा तोल आपोआप मिळेल, ही समजूत सर्वांत पक्की आहे आणि सर्वांत खर्चिकही. येरून ब्रेबार्ट या अभ्यासकाने २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मोजमापं प्रसिद्ध केली. त्यात कानात बसणारे, कानावर टेकणारे, कान झाकणारे असे सगळे प्रकार होते. हेडफोनची किंमत आणि त्याचा स्वरतोल यांत त्याला संबंध आढळला नाही. याचा अर्थ महाग हेडफोन वाईट असा नाही. महाग वस्तूत बांधणी, आराम, सुटे भाग आणि टिकाऊपणा यांचे पैसे असतात, आणि ते रास्त असू शकतात. पण तोल हा किमतीच्या चिठ्ठीवरून ओळखता येत नाही, तो मोजून किंवा ऐकूनच ओळखावा लागतो. थोडे पैसे असणाऱ्यासाठी यापेक्षा चांगली बातमी नाही.

मोजमापं आता मोफत पाहायला मिळतात. स्क्विगलिंकसारख्या संकेतस्थळांवर शेकडो इअरफोनांचे आलेख एकमेकांवर ठेवून बघता येतात. आलेख वाचायला अभियंता असावं लागत नाही. डावीकडे खालचे स्वर, उजवीकडे वरचे. डावीकडे दोनशे हर्ट्झच्या खाली थोडा चढ, मग हजारपर्यंत जवळजवळ सपाट, तीन हजारांच्या सुमाराला एक टेकडी आणि तिथून हळूहळू उतार, असा आकार साधारण चांगला. तीन हजारांची टेकडी पाहून दचकू नये. उघड्या कानाची पोकळीच तेवढ्या पट्टीत आवाज वाढवते, आणि हेडफोनने ती नैसर्गिक वाढ भरून द्यायची असते. आठ हजारांजवळ दिसणारा टोकदार सुळका पुष्कळदा मापनयंत्राच्या नळीचा असतो, त्यावर निर्णय घेऊ नये. खालचा चढ दोनशेच्या पुढे उजवीकडे सरकलेला असेल तर मात्र वरच्या तंबोऱ्याची गोष्ट आठवून तो नमुना सोडून द्यावा.

हा चांगला आकार ठरवला कोणी, आणि तो आपल्या कानांना का लागू व्हावा, असा प्रश्न इथे कोणी विचारेल, आणि तो रास्त आहे. सर्वांत जास्त वापरला जाणारा मापदंड हर्मन कंपनीतल्या शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधारण २०१२ पासून केलेल्या प्रयोगांतून आला. श्रोत्यांना वेगवेगळे तोल ऐकवून कुठला आवडतो ते विचारायचं, अशी ती पद्धत. एका टप्प्यात त्यांनी कॅनडा, अमेरिका, जर्मनी आणि चीन इथले २३८ श्रोते घेतले आणि पसंती देशांनुसार फारशी बदलत नाही असं त्यांना दिसलं. या यादीत भारत नाही, आणि ऐकवलेलं संगीतही तंबोऱ्या-पखवाजाचं नव्हतं. म्हणून हा मापदंड अंतिम मानू नये. त्याच प्रयोगांत बहुसंख्यांना तो आकार आवडला, पण साधारण पाचातल्या एकाला खालचा स्वर त्याहून कमी हवा होता, आणि अशांत वयस्क श्रोते अधिक होते. ख्याल आणि भजन ऐकणाऱ्यांनी मापदंडाहून किंचित कमी खर्ज असलेला नमुना निवडावा असं मला वाटतं, कारण आपल्या संगीतात सतत वाजणारा आधारस्वर आहे आणि त्याच्यावर जरा जरी लेप चढला तरी तो पूर्ण मैफलभर राहतो. सुरुवात मोजमापापासून करावी आणि शेवटचा निकाल तंबोऱ्यावर सोडावा.

प्रत्यक्ष खरेदीकडे येऊ. किमती सतत हलतात, म्हणून टप्पेच सांगतो. दीड ते अडीच हजारांत तारेचे असे इअरफोन मिळतात ज्यांचा तोल दहापट किमतीच्या मालाला लाजवत नाही. सेव्हनहर्ट्झचा झीरो, मूनड्रॉपचा चू २, तांगझूचा वानेर ही त्यांतली जगभर मोजली गेलेली नावं. एकच ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा एकच घटक, असलेला नमुना घ्यावा. स्वस्तात पाच-सहा ड्रायव्हर भरल्याची जाहिरात असते, पण ते एकमेकांशी जुळवणं कठीण असतं आणि अशा इअरफोनचा तोल फोनगणिक बदलू शकतो. केबल काढता-घालता येणारी हवी, ही अट सोडू नये. तारेच्या इअरफोनचं आयुष्य जवळजवळ नेहमी प्लगपाशी किंवा कानाजवळच्या वळणावर संपतं, आणि केबल सुटी असेल तर काहीशे रुपयांत तो पुन्हा नवा होतो. ज्यांना कानात काही घालवत नाही, किंवा ज्यांचे कान पावसाळ्यात चिघळतात, त्यांनी चार ते सहा हजारांतला बंद स्टुडिओ हेडफोन बघावा. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स या टप्प्यातला साधा, मजबूत नमुना आहे, फक्त त्याची केबल कायमची जोडलेली आहे, ती जपावी लागते. ऐकून घ्यायचं तर कर्जत-खोपोलीच्या बाजारात निवड थोडी. मुंबईला जाणं होत असेल तर ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड पालथा घालावा. ऑनलाइन मागवायचं असेल तर परत घेण्याची मुदत आधी वाचावी, कारण इअरफोन स्वच्छतेच्या कारणावरून पुष्कळदा परत घेत नाहीत.

इअरफोनशिवाय दुसरी गरज आहे ती डोंगलची. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून हेडफोनचं गोल भोक गेलं आणि मागोमाग बहुतेक फोनांतून गेलं. फोनला ते भोक असेल तर एक पैसाही खर्च करू नका. नसेल तर यूएसबी-सीवरून साडेतीन मिलिमीटरचं डोंगल घ्यावं. शंभर रुपयांची डोंगलं टाळावीत, त्यांत खरखर आणि चुकीची जोडणी दोन्ही असतात. हजाराच्या आतबाहेर मिळणारं अ‍ॅपलचं छोटं डोंगल विजेच्या मोजमापात उत्कृष्ट आहे, मात्र काही अँड्रॉइड फोनांवर त्याचा आवाज मुळातच कमी निघतो, म्हणून आपल्या फोनवर लावून बघूनच घ्यावं. फीओ, जेकॅली यांसारख्या कंपन्यांची डोंगलं दोन हजारांच्या आत मिळतात आणि अँड्रॉइडवर ती सरळ चालतात.

चांगला हेडफोन चालवायला वेगळा अँप्लिफायर लागतो, असा सल्ला हटकून मिळतो. हिशेब करून पाहू. छोटं डोंगल एक व्होल्ट देतं असं धरा. ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये त्याची शक्ती सुमारे ३१ मिलिवॉट होते. एका मिलिवॉटला १०० डेसिबल देणारा हेडफोन तेवढ्यावर ११५ डेसिबलपर्यंत जातो, म्हणजे कानाला इजा होईल त्याच्याही पुढे. अगदी २५० ओहमचा, एका मिलिवॉटला ९६ डेसिबल देणारा स्टुडिओ हेडफोन घेतला तरी चार मिलिवॉटवर तो १०२ डेसिबलपर्यंत पोचतो. मैफलीतल्या सर्वांत मोठ्या तिहाईलाही एवढं पुरतं. आवाज पुरेसा मोठा येत असेल आणि त्यात खरखर नसेल, तर त्याच्यापुढे अँप्लिफायरचं काम संपलं. दहा हजारांची पेटी मधे ठेवली की आवाज खुलतो असं अनेकांना मनापासून वाटतं, पण त्यात पुष्कळदा आवाज एक-दोन डेसिबल वाढलेला असतो, आणि किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. दोन्हींचे आवाज बरोबर जुळवून, कुठलं चालू आहे ते न पाहता तुलना करावी. फरक कळला नाही तर पेटी परत करावी.

हाय-रेझोल्यूशन फायलींनाही हीच कसोटी. २००७ मध्ये मेयर आणि मोरन या दोघांनी उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणाच्या मार्गात साध्या सीडीच्या दर्जाचा अडथळा घालून श्रोत्यांना फरक ओळखायला सांगितला. ५५४ चाचण्यांत २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवून येतात तेवढीच. आपल्या संग्रहाचा विचार केला तर हा मुद्दा आणखी ठसतो. १९३७ मध्ये गेलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या किंवा बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं गाणं आहे आणि सहा-सात हजार हर्ट्झच्या पुढे बहुतेक खरखरच आहे. ती भारी फाइलमध्ये भरली तर खरखर तेवढी बारकाईने मिळते. पैसे असतील तर जाहिरातींशिवाय वाजणारी एखादी सेवा घ्यावी, तिचा चांगला दर्जाचा पर्याय सेटिंगमध्ये निवडावा आणि थांबावं. आकाशवाणीची २६ जानेवारी २०१६ ला सुरू झालेली रागम ही चोवीस तास शास्त्रीय संगीताची वाहिनी आणि प्रसारभारतीच्या संग्रहातून प्रसिद्ध झालेल्या मैफली तर फुकट आहेत. एकाच मैफलीच्या दोन-तीन प्रती मिळत असतील तर जिच्यात गाणं कमी दाबलेलं आणि कमी घासलेलं आहे ती निवडणं, हे फाइलच्या आकड्यांपेक्षा कितीतरी महत्त्वाचं.

फुकटातली सर्वांत मोठी सुधारणा इक्वलायझरमध्ये आहे आणि तिच्याकडे लोक संशयाने पाहतात. आवाज बदलणं म्हणजे मुद्रणाशी छेडछाड, अशी भावना त्यामागे असते. पण प्रत्येक हेडफोन स्वतःच आवाज बदलतो, इक्वलायझर तो बदल काही अंशी उलटवतो. याक्को पासानेन यांचा ऑटोईक्यू हा मुक्त प्रकल्प हजारो हेडफोनांच्या मोजमापांवरून दुरुस्त्या काढून देतो. अँड्रॉइडवर वेव्हलेट, विंडोजवर इक्वलायझर एपीओ यांत त्या भरता येतात. यातली एक काळजी महत्त्वाची. कुठलीही पट्टी पाच डेसिबलने वाढवली तर एकूण पातळी आधी तेवढीच खाली आणावी, नाहीतर मोठ्या स्वरांवर आवाज फाटतो. जुन्या तबकड्यांसाठी वेगळी मांडणी जतन करावी, सहा हजारांच्या वरचा भाग पाच-सहा डेसिबलने उतरवला की खरखर मागे सरते आणि गळा पुढे येतो.

ब्लूटूथच्या बाजूने बोलायचं तर आवाजाच्या दर्जाची तक्रार आता फारशी उरलेली नाही, हे मान्य करायला हवं. तक्रार पैशाची आहे. तार नसलेल्या कानातल्या जोडीत तीन बॅटऱ्या असतात, दोन कळ्यांत आणि एक डबीत. त्या बदलता येतील अशा क्वचितच असतात, आणि रोजच्या वापरात दोन-तीन वर्षांत त्या थकतात. दोन हजारांत घेतलेल्या बिनतारी जोडीत बॅटरी, रेडिओ, मायक्रोफोन, डबी यांवर बराच खर्च गेलेला असतो आणि तोलासाठी उरतं ते थोडं. घरकाम करताना, फिरताना ती सोय मोलाची आहे. बसून ऐकायचं असेल तर तार अडचण करत नाही.

चांगला इअरफोन घेऊनही अनेकांना खर्ज पातळ वाटतो आणि ते दोष इअरफोनला देतात. बहुधा टोपी बसलेली नसते. सोबत तीन मापांच्या रबरी टोप्या येतात. दोन्ही कानांना एकच माप लागेल असंही नाही. कानाची पाळी वर-मागे ओढून टोपी आत सरकवावी, पाळी सोडावी, आणि चुटकी वाजवावी. चुटकी दूर गेल्यासारखी वाटली तर बसली. कुठलीच टोपी बसत नसेल तर दोनशे-तीनशेच्या सुट्या टोप्या घ्याव्यात, या खर्चाइतका फरक पाडणारा खर्च दुसरा नाही. चष्मा लावणाऱ्यांच्या बाबतीत कान झाकणारा हेडफोन काडीपाशी फट ठेवतो आणि तिथून खर्ज गळतो, पाऊसही आत येतो. बारीक काडीचा चष्मा किंवा कानातला इअरफोन, हे दोनच उपाय.

आवाज किती ठेवावा, याला जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या मानकाचा आधार आहे. प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबल ४० तास, मुलांसाठी ७५. दर तीन डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८९ वर आठवड्याला पाचच तास उरतात. घरी मोजायला यंत्र नसतं, तेव्हा आवाज नेहमी शांत वेळी, पाऊस थांबलेला असताना ठरवावा आणि फोनवर ती खूण लक्षात ठेवावी. सर आली की बटणाला हात न लावता टोपी तपासावी. तरीही पाऊस जिंकत असेल तर त्या अर्ध्या तासात विलंबित ख्यालाऐवजी ज्यात चढउतार कमी आहेत असं काही ऐकावं.

इथल्या हवेत जपणूक हा खर्चाचाच भाग आहे. कृत्रिम चामड्याच्या गाद्या दमटपणाने दोन-तीन पावसाळ्यांत सोलपटतात, तेव्हा हेडफोन घेतानाच त्याच्या सुट्या गाद्या मिळतात का ते विचारावं. ऐकून झाल्यावर इअरफोन कोरड्या फडक्याने पुसून झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. जाळीवर मळ साचला की एका कानाचा आवाज कमी होतो आणि माणूस नवा घ्यायला निघतो, मऊ ब्रशने तो आधी साफ करून पाहावा. जुन्या घरांत अर्थिंग कच्चं असेल तर चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपमधून हेडफोनमध्ये गुणगुण येते, धातूला झिणझिण्या येतात. लॅपटॉप बॅटरीवर चालवावा किंवा फोनवरच ऐकावं, आणि अर्थिंग वायरमनला दाखवावं. मे-जूनच्या वळवात आणि ऑक्टोबरात विजा कडाडत असताना चार्जिंगला जोडलेल्या फोनला तारेचा इअरफोन लावून बसू नये.

हे सगळं धरून, फोनला भोक असेल तर दोन-अडीच हजारांत, नसेल तर साडेतीन-चार हजारांत, घरचं श्रवण पूर्ण होतं. एक सुटी केबल आणि टोप्यांचा एक जादा संच त्यातच घेऊन ठेवावा. पुढे आणखी सात-आठ हजार हाताशी आले तर ते अँप्लिफायरवर घालू नयेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत पाऊस नसतो, पंखा बंद असतो, आणि रस्त्यापासून आत असलेल्या गावांत रात्री नवानंतर खोली खरोखर शांत असते. सुरुवातीला नाकारलेला ओपन-बॅक हेडफोन त्या चार महिन्यांसाठी घ्यावा आणि जून लागताच डब्यात ठेवावा.